वाचक विचारतात: घरच्या बॅकअप पॅकला सेल कुठले घ्यायचे?

उन्हाळा तापला की या सदरात बॅटरीचे प्रश्न यायला लागतात. यावेळी तर बहुतेक पत्रं घरीच लिथियमचा पॅक बनवणाऱ्यांची आहेत, म्हणून पूर्ण जागा त्यांनाच दिलीये.

अकोल्याहून एक वाचक: नमस्कार भाऊ, माझं लॅपटॉप-मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. जुन्या लॅपटॉप बॅटऱ्या खोलून १८६५० साइजचे (बोटभर लांबीचे, गोल) १८० सेल जमवलेत, सगळे टेस्ट केलेत, २००० एमएएचच्या वरच भरतात. घरच्या १२ व्होल्ट इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी खराब झाली आहे, तिच्या जागी हा पॅक लावायचाय. लोड म्हणजे दोन पंखे, चार एलईडी बल्ब आणि राउटर. लाईट चार तास जाते कधी कधी. ३एस (तीन सेल सिरीजमध्ये) करू की ४एस?

उत्तर: भाऊ, दोन्ही नका करू. तुम्ही कपॅसिटी मोजलीत हे बरंच केलंत, लोक तेवढंही करत नाहीत, पण पॅक ठरवताना एमएएचचा नंबर फार नंतर लागतो. आधी बघायचं की इन्व्हर्टरचा चार्जर किती व्होल्टपर्यंत चढतो आणि किती व्होल्टला इन्व्हर्टर बंद पडतो. लेड-ॲसिडसाठी बनवलेला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत चार्ज करतो आणि १०.५ च्या आसपास तोडतो. तुमचे लॅपटॉपचे सेल ४.२ ला फुल होतात, तीन सिरीजमध्ये म्हणजे १२.६. त्यावर १३.८ चा चार्जर लावला तर एकेका सेलला ४.६ व्होल्ट द्यायला बघणार, आणि मधे काय आहे तर एक बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की पॅक तोडणारं सर्किट, तो गेला की संपलं. बरं ४एस केलं तर फुल व्हायला १६.८ पाहिजेत, तुमचा चार्जर १४.४ ला थांबणार, म्हणजे सेलला ३.६, जेमतेम पाव भरणार. लोक मग पत्र लिहितात की लिथियम लावलं पण बॅकअपच मिळत नाही.

१२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला बरोब्बर बसतं ते एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. सेल ३.२ चा, चार सिरीजमध्ये १२.८, फुल १४.६, खाली १० पर्यंत. इन्व्हर्टर १०.५ ला तोडतो तेव्हा सेल २.६ वर असतो, २.५ ची मर्यादा ओलांडायच्या आधीच. जणू ट्यूब्युलरच्या जागी बसवायलाच बनवलेत असं वाटतं, तसं काही नाहीये, आकडे जुळून आलेत इतकंच. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरी टाईपचं बटण असेल तर ते ट्यूब्युलरवरून एसएमएफवर, म्हणजे पाणी न घालायच्या सीलबंद बॅटरीच्या सेटिंगवर टाका, कारण ट्यूब्युलरच्या सेटिंगला काही मशीन मधूनमधून व्होल्टेज जास्त चढवून इक्वलायझिंग करतात, ते पाण्याच्या बॅटरीला औषध आहे आणि लिथियमला नको असलेली गोष्ट.

आता किती एएच. साधे पंखे ७५ वॉटचे धरले तर दोन मिळून १५०, बल्ब ३६, राउटर १०, म्हणजे २०० वॉटच्या आत. चार तासांचे ८०० वॉट-अवर. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, ८५ टक्के धरा, बॅटरीतून साधारण ९४० जाणार. १०५ एएचचे चार एलएफपी प्रिझमॅटिक (चौकोनी डब्यासारखे) सेल घेतले की १३४४ वॉट-अवर होतात, पुरून उरतात. जुनी बॅटरी १५० ची होती म्हणून लिथियमही १५० चीच पाहिजे हा हिशोबच नको. ट्यूब्युलरचे १५० एएच हे २० तासांत सावकाश काढले तरचे आहेत, म्हणजे साडेसात अँपिअरने. तुमचा लोड १८ अँपिअरच्या आसपास खेचतो, तिथे ती आधीच कमी देते, आणि रोज पार खाली नेली तर लवकर मरते. एलएफपीमधून ८०-९० टक्के रोज काढा, तिला फारसा फरक पडत नाही.

मग ते १८० सेल काय करायचे? हौस असेल आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर मिळत असेल तर ७एस करा. २४ चा चार्जर २७.६ ते २८.८ देतो, भागिले सात, सेलला ३.९४ ते ४.११. छान बसतं, उलट पूर्ण ४.२ ला न नेल्यामुळे सेल जास्त टिकतात. तुमच्या १८० पैकी १७५ लागतील, पंचवीस-पंचवीसचे सात गट. पण त्याआधी एक चाळणी अजून लावा. सगळे सेल ४.२ ला भरून महिनाभर नुसते पडू द्या, मग मोजा. ज्याचे ४.१ च्या खाली गेलेत तो आतून गळतोय, बाजूला. बॅटरी खोलली तेव्हाच जो सेल २ व्होल्टच्या खाली मिळाला होता आणि तुम्ही हळूहळू चार्ज करून जिवंत केलात तो कितीही एमएएच दाखवू दे, घेऊच नका. इतका खाली गेलेल्या सेलमध्ये ॲनोडच्या बाजूचं तांबं विरघळतं आणि परत चार्जिंग करताना नको तिथे जमतं, आतला शॉर्ट असाच तयार होतो. चार्जिंगला हाताला गरम लागणारा सेलही नको.

गट करताना आकडे बघून वाटणी करा, प्रत्येक गटाची बेरीज सारखी आली पाहिजे. सिरीजमध्ये एक गट कमी पडला की बाकी सहा कितीही दमदार असोत, बैलजोडीत एक बैल म्हातारा असला की गाडी त्याच्याच चालीनं चालते तसं होतं, बीएमएस त्या एका गटाकडे बघून पूर्ण पॅक बंद करतो. आणि प्रत्येक सेलला स्वतःची बारीक फ्यूज वायर द्या. एक सेल आतून शॉर्ट झाला तर बाजूचे चोवीस त्याच्यात करंट ओततात, फ्यूज असेल तर तो एकटा बाहेर पडतो. टेस्लाच्या ८५ किलोवॉट-अवरवाल्या मॉडेल एस गाडीत असे ७१०४ सेल होते आणि प्रत्येकाला असलीच बारीक तार होती, ती उगाच नव्हती.

१७५ सेल म्हणजे ३५० टोकं, प्रत्येकावर वेल्डिंग. सेल जोडायची निकेल पट्टी शुद्ध निकेलची घ्या, बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास निकेल म्हणून मिळते. एक तुकडा कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंज चढला की कळलं. सोल्डरिंग आयर्न थेट सेलवर टेकवू नका, रिपेअरिंगवाल्यांना हात शिवशिवतो माहितीये. एवढं सगळं वाचूनही मी तुम्हाला चार नवे एलएफपी सेलच घ्या म्हणेन, आणि हे लॅपटॉपवाले सेल टॉर्च, स्पीकर असल्या बारक्या कामाला ठेवा. अजून एक, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पॅक पत्र्याखाली माळ्यावर ठेवला तर कुठलाही सेल घ्या, आयुष्य झपाट्याने कमी होणार. घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा.

श्रीवर्धनहून एक वाचक: दादा, आमचं छोटं होमस्टे आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, तेव्हापासून मोठा बॅकअप करायचं डोक्यात आहे. २८० एएचचे चार प्रिझमॅटिक सेल घ्यावे म्हणतो. विकणारा म्हणतो ग्रेड ए आहे, क्यूआर कोड आहे, सगळे ३.२९ व्होल्ट एकसारखे दाखवतात. घेऊ का?

उत्तर: ३.२९ एकसारखे दाखवतात याला काही अर्थ नाही हो. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पूर्ण पट्ट्यात जवळपास सपाट असतो, ४० टक्के भरलेला आणि ६५ टक्के भरलेला सेल मल्टीमीटरवर जवळजवळ सारखेच दिसतात. मग कपॅसिटी तर सोडाच, भरलाय किती हेसुद्धा त्यावरून कळत नाही.

ग्रेड ए म्हणजे कंपनीने ठरवलेल्या कपॅसिटीत, इंटर्नल रेझिस्टन्समध्ये बसलेला नवा सेल. जो थोडा कमी भरला, किंवा गोडाऊनमध्ये पडून जुना झाला, तो बी. आणि गाडीतून काढलेला वापरलेला सेल नवीन निळं प्लास्टिक चढवून येतो, त्याला कुठलं ग्रेड म्हणायचं ते विकणाऱ्याच्या जिभेवर. क्यूआर कोडवर फार विसंबू नका, तो घासून परत लेझरने मारता येतो. त्यापेक्षा टर्मिनल बघा, जुन्या वेल्डिंगचे डाग, पॉलिश मारून साफ केल्याच्या खुणा, वरून चिकटवलेला बोल्ट. सेल सपाट फरशीवर उभा करून पट्टी लावा, पोट सुटलंय का. वजन करा. ईव्हीई कंपनीचा एलएफ२८०के सेल सुमारे ५.४ किलोचा असतो, ८९६ वॉट-अवरचा. अर्धा किलोचा फरक आला तर विचारा. आणि चारही सेल एकाच बॅचचे मागा, दोन आज दोन पुढच्या महिन्यात असं करू नका, पैशाची अडचण असेल तर दोन महिने थांबून चार एकदम घ्या.

घरी आल्यावर पॅक बांधायच्या आधी चारही सेल आधी जवळपास फुल करा, मग पॅरलल जोडून बेंच सप्लायवर ३.६ ते ३.६५ ला धरा, करंट शून्याकडे येईपर्यंत. सप्लायचा व्होल्टेज सेल जोडायच्या आधी सेट करायचा, जोडल्यावर नाही. मग सिरीज करून शंटवाल्या (करंट मोजणाऱ्या) मीटरमधून माहितीतला लोड लावून पूर्ण खाली काढा आणि एएच मोजा. २८० चा सेल २७५ भरला तर रडू नका, २३० भरला तर परत करा, म्हणून बिल आणि रिटर्नची बोली आधीच.

पण खरं सांगू का, मला तुमच्या सेलपेक्षा चार्जिंगची काळजी वाटते. २८० एएच म्हणजे साडेतीन युनिट वीज, तीन मोठ्या ट्यूब्युलर एका २२ किलोच्या खोक्यात. घरगुती इन्व्हर्टर १० ते १५ अँपिअरने चार्ज करतो. २८० भागिले १५, म्हणजे रिकामा पॅक भरायला १९ तास तरी लागणार. वादळानंतर लाईट दोन तास येऊन परत गेली तर काय भरणार? त्यामुळे वेगळा ४०-५० अँपिअरचा एलएफपी चार्जर घ्या, जो लाईट आल्यावर किंवा भाड्याच्या जनरेटरवर दणकून भरेल. सोलर लावणार असाल तर चांगलंच, फक्त कोकणात जूनमध्ये पॅनल किती देतं ते तुम्हीच मला सांगाल. पाण्याचा पंप चालवायचा असेल तर १२ व्होल्ट विसरा, २४ वर जा, आठ सेल लागतील. १२ वर १५०० वॉट काढायचे म्हणजे इन्व्हर्टरचा खर्च धरून दीडशेच्या आसपास अँपिअर, तेवढ्या केबल, लग, बीएमएस सगळंच जाडजूड होतं आणि पंप सुरू होतानाचा झटका वेगळाच.

समुद्राकाठी एक जास्तीचं काम आहे. या सेलचे टर्मिनल ॲल्युमिनियमचे आणि बसबार (सेल जोडणाऱ्या पट्ट्या) तांब्याचे, मधे खारी हवा, तिथे थर चढतो आणि जॉइंट तापायला लागतो. कथिलाचा मुलामा असलेले बसबार घ्या, टर्मिनल घासून लगेच जॉइंट कंपाउंड लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा हात लावून बघा कुठला जॉइंट गरम आहे. ॲल्युमिनियमच्या आट्या नाजूक असतात, पाना ताकदीने पिळला तर सेल कायमचा गेला. टॉर्क पाना नसेल तर गाडीच्या गॅरेजवाल्याकडून एका दिवसासाठी आणा.

पुण्याहून, कोथरूडची एक विद्यार्थिनी: सर, राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा बॅकअप करतेय. दुकानदार म्हणाला २५आर घे, २० अँपिअरचा आहे, एकदम पॉवरफुल. दुसरा म्हणाला ३५ई. कुठला?

उत्तर: ३५ई. सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएचचा, २० अँपिअर देणारा सेल आहे, ड्रिल मशीनसाठी. ३५ई ३५०० एमएएचचा, ८ अँपिअरचा. तुमचा राउटर आणि डबा मिळून १२-१५ वॉट खाणार, म्हणजे सव्वा-दीड अँपिअर. २० अँपिअरची ताकद विकत घेऊन हजार एमएएच का सोडायचे? एलजीचा एमजे१, पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी हेही याच पंक्तीतले. तीन ३५ई सिरीजमध्ये लावले की ३८ वॉट-अवर, अडीच-तीन तास चालेल. ३एस बीएमएस आणि शेवटी बक-बूस्ट (व्होल्टेज कमी-जास्त करणारं सर्किट) लावून १२ स्थिर करा, कारण पॅक १२.६ वरून ९ पर्यंत घसरतो आणि प्रत्येक राउटर ते सहन करतोच असं नाही.

वेल्डिंग मशीन नसेल तर अजून सोपा रस्ता आहे, एलएफपीचे ३२७०० सेल, ६००० एमएएचचे, थोडे जाडे असतात, काहींना स्क्रूचे टर्मिनलच येतात. चार लावा, ७७ वॉट-अवर, पाना फिरवला की झालं. तपकीर गल्लीत विचारा, नाहीतर मुंबईला कोणी जात असेल तर लॅमिंग्टन रोड. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं, जागेचा प्रश्न नसताना १८६५० च्या मागे लागायचं कारण नाही.

जालन्याहून: ऑनलाईन ९९०० एमएएचचे १८६५० मिळतात, एकदम स्वस्त. आठच लागतील माझं काम व्हायला.

उत्तर: नाही मिळत. ३५००-३६०० ला नेहमीचे चांगले सेल संपतात, अगदी नवे काही ४००० पर्यंत गेलेत. ९९०० हे प्लास्टिकवर छापलेलं आहे, आत नाहीये. सोनाराच्या किंवा किचनच्या वजनकाट्यावर ठेवा, चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, हे नमुने बरेचदा ३५ च्याही आत. भारतात विकायला सेलवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर लागतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा कोणाच्या नावावर निघतो ते.

नाशिकहून एक आई: दादा, माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला आहे. पलंगाखाली लिथियम सेलची मोठी बॅटरी बनवतोय, विचारलं तर म्हणतो आई ही एलएफपी आहे, पेटत नाही. मागे २०२२ मध्ये पुण्यात स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ पाहिला होता, तेव्हापासून झोप येत नाही. खरं काय?

उत्तर: ताई, मुलगा अर्धं बरोबर बोलतोय. १९९१ साली सोनीने बाजारात आणलेले पहिले लिथियम-आयन सेल कोबाल्टचे होते, तापले की त्यातून ऑक्सिजन सुटतो, आग स्वतःलाच हवा पुरवते. १९९७ मध्ये टेक्सासला जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या टीमने, त्यात पाधी आणि नंजुंडस्वामी हे दोघे आपल्याकडचे, लोह फॉस्फेटचं काम छापलं. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो म्हणून हे सेल बरेच जास्त तापमानापर्यंत शांत राहतात. पण पेटत नाही हे चूक. आतलं द्रव ज्वालाग्राहीच आहे, खूप ओव्हरचार्ज झाला की सेल फुगून वाफ सोडतो आणि ती वाफ बंद खोलीत ठिणगीने पेटू शकते. विषारीही असते.

आणि मोठ्या सेलचा खरा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे पाना. दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो, वितळलेला धातू उडतो. त्याला सांगा अंगठी, कडं, घड्याळ काढून बसायचं, पान्याला टेप गुंडाळायची, चष्मा घालायचा. पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच डीसी फ्यूज पाहिजे, साधी काचेची किंवा घरच्या बोर्डातली एसीची नाही, एवढा करंट तोडू शकणारी डीसीची एचआरसी किंवा क्लास टी. तो म्हणेल बीएमएस आहे ना. बीएमएसमधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतात तेव्हा पुष्कळदा बंद व्हायच्याऐवजी चालूच राहतात, त्यामुळे फ्यूजला पर्याय नाही. हे वाक्य त्याला वाचून दाखवा, डिप्लोमावाला आहे, कळेल.

पलंगाखालून मात्र आजच्या आज काढायला लावा. जिन्याखाली नको, गॅसच्या जवळ नको, बाहेर पडायच्या दारात तर अजिबात नको. हवेशीर जागी, सिमेंट शीटवर किंवा फरशीवर, वर कपडे वाळत घालायचे नाहीत. पहिले काही चार्ज कोणीतरी जागं असताना. धूर निघायला लागला तर मेन बंद करता आला तर करा आणि सगळे बाहेर पडा, १०१ ला फोन. पावडरचा सिलेंडर ज्वाळा दाबतो पण सेल थंड करत नाही, परत पेटतो, थंड करायला भरपूर पाणी लागतं आणि ते फायर ब्रिगेडचं काम. एवढं पाळलं तर त्याला बनवू द्या, ओरडू नका, नाहीतर मित्राच्या पलंगाखाली बनवेल.

साताऱ्याहून: जुनी ट्यूब्युलर अजून थोडी चालते, तिलाच पॅरलल एलएफपी जोडली तर दोन्ही वापरता येतील का?

उत्तर: नको. एलएफपी १३.२-१३.३ वर बसते, लेड-ॲसिड फुल असली तरी १२.७ वर. म्हणजे लाईट गेली की तुमची नवी बॅटरी आधी म्हाताऱ्या बॅटरीलाच पाजत बसणार. जुनी एक्स्चेंजला द्या, शिशाचे पैसे येतात.

ठाण्याहून: फुगलेले, टाकाऊ सेल कुठे टाकायचे? भंगारवाला घेत नाही.

उत्तर: घंटागाडीत नाही. मागे कचरा दाबला जातो, सेल चेपला की गाडीतच आग. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे ब्रँडचं सर्व्हिस सेंटर किंवा तुमच्या भागातलं अधिकृत ई-कचरा केंद्र. तोपर्यंत दोन्ही टोकांना टेप लावून, एकमेकांना न चिकटता, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत. फुगलेल्याला भोक पाडून हवा काढायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका.